‘वैधपणे अस्तित्वात आहे’ या ओळीखाली सही करण्याआधी

प्रश्न : (ओळख पटेल असा तपशील गाळून पत्राचा सारांश देत आहे.)

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून येणारी कास्टिंग्ज मशीनिंग करून देतो. वडील आणि काका, दोघांनी मिळून १९९४ साली भागीदारीत सुरू केलं. २०२२ मध्ये वडील गेले. त्याच्या आधीपासून सगळा कारभार मीच बघतो. काका सत्तरीच्या पुढे आहेत, सकाळी तासभर येऊन बसतात, चेकवर सही त्यांचीच असते. भागीदारीपत्रात माझं नाव घालायचं राहून गेलं, पण बिलांवर ‘भागीदार’ या शिक्क्याखाली सही मी करतो. कोणी कधी हरकत घेतलेली नाही. घरी आई आहे. बहीण लग्न होऊन इचलकरंजीला आहे, तिचा यात काही संबंध नाही.

आता पुण्याच्या एका नावाजलेल्या ग्रुपकडून तीन वर्षांचं काम येतंय. त्यांनी अठ्ठावीस पानांचं इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय. त्यात एका कलमात लिहिलंय की आम्ही कायद्यानुसार स्थापन झालेली, वैधपणे अस्तित्वात असलेली कंपनी आहोत, करार करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे, सही करणाऱ्यालाही अधिकार आहे आणि दुसऱ्या कोणाच्या संमतीची गरज नाही. पर्चेसचे साहेब म्हणतात, ‘हे सगळ्यांना सारखंच असतं, सही करून स्कॅन पाठवा.’ सीए मित्र म्हणतो, ‘ही पानं कोण वाचतंय?’ (अ‍ॅग्रीमेंटच्या पहिल्या पानावर कंपनीच्या नावात एक जास्तीचा शब्द आहे, पण ती ग्रुपचीच असणार.) काकांकडे अधिकारपत्र मागायचं मला जमत नाही. वडिलांच्या माघारी ज्यांनी सांभाळलं, त्यांना ‘लिहून द्या’ कसं म्हणू? आणि कंपनीला शंका विचारल्या तर काम दुसरीकडे जाईल. या कामाच्या भरवशावर व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीनिंगचं यंत्र) बुक करायचं ठरवलंय. फक्त सहीचाच प्रश्न आहे. करू का?

उत्तर :

आज करू नका. काम मात्र सोडू नका. तीन-चार आठवड्यांत तुम्ही हीच सही निर्धास्तपणे करू शकाल, पण मधल्या काळात तुमच्या पत्रातल्या चार-पाच गोष्टी जागेवर आणाव्या लागतील.

आधी त्या कलमाकडे नीट बघू. करारातली बाकीची कलमं पुढचं बोलतात: माल केव्हा द्यायचा, पैसे केव्हा मिळायचे, रिजेक्शन झालं तर काय. हे एकच कलम आजचं बोलतं. तुम्ही कोण आहात, आज कायद्याच्या नजरेत उभे आहात का, आणि तुमचा शब्द कोणाला बांधतो, हे त्यात असतं. मी त्याला ग्वाही म्हणते. मजकूर कंपनीच्या वकिलानं टाइप केलाय, पण सही झाली की बोल तुमचे. साहेब म्हणतात तसं ते सगळ्यांना सारखंच पाठवतात, हे खरं आहे. म्हणूनच ते तुमच्या मापाचं नाही. रेडिमेड शर्ट असावा तसं ते आहे, अंगाला बसतं का ते घालणाऱ्यानं बघायचं.

ग्वाही खोटी निघाली तर काय होतं? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १८ आणि १९ प्रमाणे खरं समजून केलेलं चुकीचं विधानसुद्धा दुसऱ्या बाजूला करार रद्द करण्याचा हक्क देतं. खोटं आहे हे माहीत असून केलेलं विधान कलम १७ मध्ये, म्हणजे फसवणुकीत जातं. शिवाय अशा अ‍ॅग्रीमेंटमध्ये पुढे कुठेतरी लिहिलेलं असतं की ग्वाही खोटी ठरली तर करार तत्काळ संपवता येईल आणि होणारं सगळं नुकसान सप्लायर भरून देईल. तुमच्या अठ्ठावीस पानांत ‘इंडेम्निटी’ हा शब्द शोधा, त्याखाली बहुधा हेच असेल.

आता तुमची परिस्थिती या ग्वाहीशी ताडून बघू.

पहिला शब्द ‘कंपनी’. तुम्ही कंपनी नाही. कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदवलेली, तिच्या मालकांपासून वेगळी अशी व्यक्ती असते. भागीदारी फर्म तशी नसते; फर्म म्हणजे तिचे भागीदारच. हा फरक तुमच्याच बिलाच्या माथ्यावर छापलेला आहे. जीएसटी नंबरची पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की पॅन कोणाचा आहे. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघा. तुमचं ‘एफ’ असेल, म्हणजे फर्म. कंपनीचं ‘सी’ असतं. एकट्या माणसाचा धंदा असेल तर ‘पी’. हा शब्द दुरुस्त करून मागणं सोपं आहे, कंपनीचे वकील त्याला नाही म्हणत नाहीत.

खरी अडचण पुढच्या शब्दांत आहे: ‘वैधपणे अस्तित्वात’. हे वाचून तुम्हाला त्रास होईल याची मला कल्पना आहे. भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे, भागीदारांनी वेगळं काही ठरवलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. बऱ्याच भागीदारीपत्रांत ‘मृत्यू झाल्यास वारसाला घेऊन फर्म पुढे चालू राहील’ असं कलम असतं, आणि लोक त्यावर विसंबून राहतात. तीन किंवा जास्त भागीदार असतील तर ते कलम उपयोगी पडतं. पण फर्ममध्ये दोनच भागीदार असतील, तर एक गेल्यावर एकट्याची भागीदारी उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हे सांगितलं आणि २०१० मध्ये दुसऱ्या एका निकालात पुन्हा तेच ठरवलं. तुमचे वडील आणि काका, दोघंच भागीदार होते. म्हणजे १९९४ ची ती फर्म २०२२ मध्ये, वडील गेले त्याच दिवशी कायद्यानं संपली. शटर रोज उघडत राहिलं, लेथ फिरत राहिले, बिलं निघत राहिली, आणि काका-पुतण्यांनी न बोलता, न लिहिता दुसरंच काहीतरी चालवलं. त्याला वागण्यातून झालेली नवी भागीदारी म्हणता येईल कदाचित, पण तिचा कागद नाही आणि नोंदणी तर नाहीच.

नोंदणी नसली म्हणून धंदा बेकायदा होत नाही. पण कलम ६९ वाचा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क बजावण्यासाठी तिऱ्हाईतावर दावा लावता येत नाही. नोंदणी असली तरी दावा लावणाऱ्याचं नाव फर्मच्या रजिस्टरमध्ये भागीदार म्हणून असावं लागतं. म्हणजे १९९४ ची फर्म नोंदवलेली होती असं धरलं, तरी तुमचं नाव तिथे नाही. उलट बाजूनं मात्र असं बंधन नाही. समोरची कंपनी तुमच्यावर दावा लावू शकते. एकाच दिशेनं उघडणारं दार आहे हे.

याचं एक उदाहरण माझ्या ऑफिसातलं आहे. जिल्ह्यातल्याच एका जॉबवर्क करणाऱ्या गृहस्थांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चलनं जपून आणली होती. तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर माल मिळाल्याचा गोल शिक्का, गेटवरच्या माणसाची सही, काही ठिकाणी निळ्या पेनानं ‘माल ओके’ लिहिलेलं. एक चलनही गहाळ नव्हतं. दावा त्यांनी आधीच दुसऱ्या कोणाकडून दाखल केला होता. समोरच्यांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिलीच हरकत घेतली की वादी फर्म नोंदवलेली नाही. मालाबद्दल, दराबद्दल, तारखेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, बोलायची गरजच पडली नाही. दावा दाखल झाल्यानंतर केलेल्या नोंदणीनं तो दावा तरत नाही. तो डबा अजून माझ्या कपाटावर आहे; ते परत न्यायला आलेच नाहीत. तुमच्या हातात अजून वेळ आहे, कारण वाद सुरू व्हायच्या आधी नोंदणी केव्हाही करता येते. म्हणून आज तुम्हाला इतकं कळवळून लिहितेय.

आता अधिकाराकडे येऊ. ‘कोणी कधी हरकत घेतलेली नाही’ असं तुम्ही लिहिता. रोजच्या बिलांना कोणी घेणारही नाही. पण तुम्ही भागीदार नाही आणि ‘भागीदार’ शिक्क्याखाली सही करता. कलम २८ म्हणतं की जो स्वतःला भागीदार म्हणून दाखवतो, त्याच्या भरवशावर ज्यानं फर्मला उधार दिलं त्याला तो भागीदारासारखाच जबाबदार. म्हणजे भागीदाराचा हक्क तुमच्याकडे एकही नाही, देणं मात्र सगळं आहे.

समजा उद्या रीतसर भागीदार झालात, तरी एकट्याच्या सहीला मर्यादा आहेत. नेहमीच्या धंद्यातले व्यवहार एक भागीदार फर्मच्या वतीनं करू शकतो. पण भागीदारी कायद्याच्या कलम १९ मध्ये काही गोष्टी वगळलेल्या आहेत, आणि त्यांत पहिलीच आहे फर्मचा वाद लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे, सोपवणं. पुण्याच्या कंपनीच्या अठ्ठावीस पानांत लवादाचं कलम असणार, जागा पुणे असणार. म्हणजे ‘मला पूर्ण अधिकार आहे’ ही ग्वाही तिथेही अपुरी पडते, जोवर दुसरा भागीदार लेखी संमती देत नाही. (जाता जाता सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून अनेक जण म्हणतात, आता वाद झाला तरी घरच्या घरी मिटेल. करारात लवाद पुण्याला लिहिलेला असेल तर हेलपाटे पुण्यालाच. ती जागा कोल्हापूर करून मागा. मिळालीच तर बरं.)

आणि स्टॅम्पचं सांगून टाकते, कारण ही समजूत सगळ्यांची असते. पाचशेच्या स्टॅम्पवर केलं, नोटरी केली, गोल शिक्का मारला, की कागद पक्का. स्टॅम्प म्हणजे सरकारचं शुल्क. ज्याला अधिकार नाही त्याला तो अधिकार देत नाही.

आता काकांबद्दल. तुमच्या पत्रातली हीच जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

तुम्ही धरून चालला आहात की काकांकडे कागद मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. मला हे उलटं दिसतं. भागीदारी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. मर्यादा नाही. म्हणजे तुम्ही काकांना न दाखवता फर्मच्या नावानं तीन वर्षांच्या करारावर सही केलीत, आणि उद्या एखाद्या लॉटमध्ये क्रॅक निघून कंपनीनं लाईन थांबल्याचं नुकसान मागितलं, तर त्या देण्यापुढे काकांचं राहतं घर, त्यांच्या ठेवी, काकूंच्या आजारपणासाठी ठेवलेले पैसे उभे राहतात. ज्या माणसानं तुम्हाला सांभाळलं, त्याची म्हातारपणची शिदोरी त्याला न विचारता पणाला लावायची, ही कसली भीड? कागद मागताना त्यांना वाईट वाटेल असं तुम्हाला वाटतं. न मागता सही केल्याचं त्यांना नंतर कोर्टाच्या समन्सातून कळलं, तर काय वाटेल?

म्हणून ‘काका, अधिकारपत्र द्या’ असं सुरूच करू नका. शॉपमध्ये नको, घरी जा. १९९४ चं भागीदारीपत्र बरोबर घ्या. ते कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत असेल, आधी शोधा. करारातली ती एक-दोन पानं मराठीत समजावून सांगा आणि म्हणा: ‘काका, काम चांगलं आहे. पण या सहीनं तुमचं घरही गुंततं. तुम्ही वाचून हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही. आणि दादांच्या माघारी आपला कागद करायचा राहिलाय, तो आधी करू.’ (वडिलांना तुम्ही काय म्हणत होता ते मला माहीत नाही, तुमचा शब्द घाला.) धंद्यात हयात घालवलेला माणूस हे ऐकून रागावेल असं मला वाटत नाही. कदाचित तेच म्हणतील की इतके दिवस हे माझ्याही मनात होतं.

तेव्हा त्यांना एक प्रश्न मनापासून विचारा आणि उत्तर आधी ठरवून जाऊ नका: ‘तुम्हाला यात राहायचंय का?’ सत्तरीनंतर अमर्याद जबाबदारी घेण्याची इच्छा नसणं अगदी रास्त आहे. त्यांच्या उत्तरावर पुढची वाट ठरेल.

ते ‘राहतो’ म्हणाले तर दोन मार्ग आहेत. एक, नवं भागीदारीपत्र आणि फर्मची नोंदणी. खर्च कमी, काम लवकर, पण घर गुंतलेलंच. दुसरा, एलएलपी, म्हणजे २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्वाची भागीदारी. ती नोंदणीनं वेगळी व्यक्ती होते, आणि साधारणपणे तिच्या देण्यासाठी भागीदारांच्या घरादाराला हात लागत नाही. दरवर्षी काही विवरणं भरावी लागतात, उशीर झाला तर रोजचा दंड असतो, सीएची फी वाढते. तरी काका राहणार असतील तर माझा कल एलएलपीकडे आहे. तीन वर्षांच्या करारात मध्येच घडी मोडून नवी घालायची म्हणजे कंपनीची परवानगी, बँकेची परवानगी, सगळं परत. एकदाच करा. फक्त हे लक्षात ठेवा की व्हीएमसीच्या कर्जाला बँक वैयक्तिक जामीन मागेलच. तिथे काकांची सही घेऊ नका. घ्यायचीच तर एलएलपी कशासाठी केली?

ते ‘आता तू बघ’ म्हणाले तर हिशोब करून त्यांचा वाटा द्या आणि धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या किंवा स्वतःची कंपनी काढा. त्यांचं नाव पॅन, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), बँक, सगळीकडून रीतसर उतरवा आणि ते बाजूला झाल्याची जाहीर नोटीस द्या. ती दिली नाही तर त्यांचं नाव पाहून माल देणारा उद्या त्यांच्याच दारात जाईल.

आणि बहीण. ‘तिचा यात काही संबंध नाही’ हे वाक्य मला खुपलं, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या फर्ममधल्या वाट्यावर आई, बहीण आणि तुम्ही, तिघांचा सारखा हक्क आहे. शिवाय भागीदारी कायद्याचं कलम ३७ म्हणतं, गेलेल्या भागीदाराचा हिशोब न करता त्याचं भांडवल वापरून धंदा चालू ठेवला, तर त्याचे वारस त्या भांडवलामुळे झालेल्या नफ्यातला वाटा मागू शकतात किंवा सालीना सहा टक्क्यांनी व्याज. २०२२ पासून तुम्ही दोघांनी नेमकं तेच केलंय. बहीण मागणार नाही, हे तुम्ही तिच्या वतीनं ठरवलंय. आपल्याकडे बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची असते असं धरूनच चालतात. तसं करू नका. वडील गेले त्या तारखेचा हिशोब सीएकडून काढून घ्या, तो आई आणि बहिणीसमोर ठेवा, आणि मग ती काय म्हणते ते ऐका. तिला पैसे हवे असतील, ते धंद्यात कर्जाऊ ठेवायचे असतील, किंवा तिला भागीदार व्हायचं असेल. तिघांचं ठरेल ते लिहून घ्या. ‘दुसऱ्या कोणाच्या संमतीची गरज नाही’ या ओळीत तीही येते.

त्याच ओळीत बँक आणि एमआयडीसीही येतात. सीसी लिमिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेनं दिलेल्या खेळत्या कर्जाचं, मंजुरीपत्र काढून बघा, फर्मच्या रचनेत बदल करायचा तर आधी बँकेची लेखी परवानगी, अशी अट त्यात बहुधा असतेच. एमआयडीसीचा प्लॉट तुमच्या मालकीचा नसून भाडेपट्ट्यावर आहे, आणि पट्टा जुन्या फर्मच्या नावावर असेल तर तिथेही अर्ज करावा लागेल. ही कामं रेंगाळतात, म्हणून सुरुवात यांच्यापासून करा.

आता समोरच्या बाजूकडे वळू. तुम्ही स्वतःबद्दल इतके धास्तावलात की त्यांची ग्वाही तपासायचं मनातच आलं नाही. करारात ती त्यांनीही दिलेली असेल, नसेल तर मागा. आणि पहिल्या पानावरचा तो जास्तीचा शब्द कंसात टाकण्यासारखा नाही. एका ग्रुपमध्ये दहा कंपन्या असू शकतात, आणि कायद्यात प्रत्येक कंपनी वेगळी व्यक्ती. ग्रुपचं नाव कितीही मोठं असलं, तरी तुमचे पैसे देण्याची जबाबदारी करारावर जिचं नाव आहे तिचीच. तिच्या लेटरहेडवर एकवीस अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो. तो छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. मग पाच आकडे उद्योगाचे, दोन अक्षरं राज्याची, आणि पुढचे चार आकडे स्थापनेचं साल. ते वाचा. ग्रुप चाळीस वर्षांचा आणि ही कंपनी मागच्या वर्षी जन्मलेली असेल, तर तुम्ही कोणाला उधार देताय ते समजेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकलं की कंपनी चालू आहे की नाव काढून टाकलंय, संचालक कोण, भरणा झालेलं भांडवल किती, हे फुकट दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे: साध्या चौकशीनं जे कळलं असतं ते तुम्ही बघितलंच नाही, तर नुसत्या चुकीच्या विधानाचं कारण देऊन नंतर करार रद्द करता येत नाही.

कंपनी नवी आणि भांडवल नावापुरतं असेल, तर मूळ कंपनीची लेखी हमी मागा किंवा उधारीचे दिवस कमी ठेवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण ती नोंदणी संपलेल्या फर्मच्या नावावर असून चालणार नाही, तीही नव्या नावानं हवी.

सही कोण करणार तेही विचारा. कंपनीच्या वतीनं संचालक मंडळानं अधिकार दिलेला अधिकारी सही करू शकतो, आणि पर्चेसचे साहेब तसे असतीलही. कंपनीच्या आतल्या मंजुऱ्या झाल्यात की नाही हे बाहेरच्या माणसानं खणत बसायचं नसतं, असं तत्त्व १८५६ च्या रॉयल ब्रिटिश बँकेच्या इंग्लिश खटल्यापासून चालत आलंय आणि आपली न्यायालयंही ते मानतात. पण ज्याला शंका यायला जागा होती आणि तरी त्यानं विचारलं नाही, त्याला या तत्त्वाची ढाल मिळत नाही. तुम्हाला शंका आलेली आहे, तुम्ही ती मला लिहिलीत. तेव्हा संचालक मंडळाच्या ठरावाची खरी प्रत मागा. त्यात सही करणाऱ्याचं नाव आणि या कराराचा उल्लेख असावा. ज्याला अधिकार नव्हता त्यानं आहे म्हणून सांगितलं, तर करार कायद्याच्या कलम २३५ प्रमाणे तो स्वतः भरपाईला जबाबदार होतो. पण पगारी माणसाकडून तीन वर्षांच्या कामाची भरपाई काय वसूल होणार?

हे विचारल्यानं काम जाईल ही भीती मी समजू शकते. बिनकामाच्या शंका काढत दोन महिने घालवले तर जाईलही. पण एकदाच, नेमकं आणि तारीख देऊन लिहा. मेल साधारण असा जाऊ दे:

‘अ‍ॅग्रीमेंट वाचलं, व्यापारी अटी मान्य आहेत. वडिलांच्या निधनानंतर आमच्या संस्थेची कायदेशीर पुनर्रचना चालू आहे, ती अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल. करार नव्या संस्थेच्या नावानं करावा. संबंधित कलमात कंपनीऐवजी संस्थेचा योग्य प्रकार लिहावा. आमच्या बाजूचं अधिकारपत्र करारासोबत जोडू. आपल्या बाजूचा संचालक मंडळाचा ठराव पाठवावा. तोवर सॅम्पल लॉट स्वतंत्र पर्चेस ऑर्डरवर देण्यास तयार आहोत.’

सॅम्पल लॉटचं वाक्य गाळू नका, त्यानं त्यांचं काम थांबत नाही. तो लॉट काकांना सांगून, त्यांच्या सहीनं द्या. आणि ज्या कंपनीला तीन वर्षं तुमच्यावर अवलंबून राहायचंय, तिच्या क्वालिटीच्या माणसांना हा मेल आवडेल असा माझा अनुभव आहे. जो सप्लायर ड्रॉइंगमधली चूक आधी कळवतो, त्याला कोणी काढून टाकत नाही.

तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर सुभाषनगर, जवाहरनगरच्या कारागिरांकडेही बाहेरच्या खरेदीदारांचे इंग्रजी नमुने येऊ लागलेत. बचत गटाच्या नावानं सही करणाऱ्या ताईंनी आधी बघावं की गट कुठल्या कायद्याखाली नोंदवलेला आहे. नसेल तर करारात गट उभाच राहत नाही, सही करणाऱ्या बायकांवर सगळं येतं. सहकारी संस्था असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा, सचिवाची एकट्याची सही पुरत नाही. प्रोप्रायटरचा मामला सरळ असतो: दुकानाचं नाव काहीही असो, करार त्या माणसाचाच. कलमात ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द घालून मिळाले तर घ्या, पण स्वतःच्या संस्थेच्या अस्तित्वाबद्दल ते कोणी देणार नाही, आणि द्यावेत असंही मला वाटत नाही. आपलं घर उभं आहे की नाही हे आपल्याला पक्कं माहीत असायला हवं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: जुनं भागीदारीपत्र शोधणं, काकांकडे जाणं, इचलकरंजीला फोन करणं. व्हीएमसीचा अ‍ॅडव्हान्स करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय देऊ नका. मशीनवाले ‘ऑफर महिनाअखेरपर्यंतच’ म्हणतील, म्हणू देत. आणि टेबलावरचा तो ‘भागीदार’ शिक्का आजच ड्रॉवरमध्ये टाका. नवा कागद होईपर्यंत बिलांवर सही काकांची घ्या, ते सकाळी तासभर येतातच.